फिर्याद गाढवाची

मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकविले. या बत्तीस वर्षांत फळ्यावर एकदाही न लिहिलेला, आणि तरीही तोंडाने सर्वांत अधिक वेळा उच्चारलेला शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर उत्तर शोधावे लागणार नाही. तो शब्द ‘गाढव’. ज्याला वृत्त ओळखता येत नाही तो गाढव, ज्याने वही आणली नाही तो गाढव, जो खिडकीबाहेर पाहतो तो गाढव. आणि ज्याने मला उत्तर न येणारा प्रश्न विचारला, तो तर गाढवांचा राजा! या शब्दाने कोणाचे काही बिघडते असे मला कधी वाटलेच नाही. मुले हसत, ज्याला म्हटले तोही हसे, आणि तास पुढे चाले.

एके दिवशी तास संपल्यावर वर्गाच्या दाराशी एक माणूस उभा दिसला. अंगावर मातीचे शिंतोडे, डोक्याला मळकट पटका. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचा हा बाप. जातीचा कुंभार. मला वाटले, फी माफ करा म्हणून आला असेल. तो म्हणाला, “गुरुजी, पोराला हाना, बोला, माजी ना न्हाई. पन गाढव म्हनू नगा.”

मी म्हटले, “अहो, मी सगळ्यांनाच म्हणतो. त्यात काय एवढे मनावर घ्यायचे?”

“पोराचं न्हाई वो,” तो म्हणाला. “पोराला काय, त्ये इसरतंय. पन चार जनावरं हायती दारात. माती तीच आनत्यात, मडकी तीच बाजाराला न्हेत्यात. आमच्यात त्या जनावराचं नाव घिऊन कुनाला वंगाळ बोलत न्हाईत.”

एवढे बोलून, रामराम करून तो गेला. मी शिक्षकांच्या खोलीत येऊन ही हकीकत मोठ्या चवीने सांगितली. सगळे हसले. मीही हसलो. हसलो खरा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तो शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडला. तेव्हापासून आजतागायत हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. आज दिवाळीच्या निमित्ताने घरोघर मंडळी फराळाला बसली असतील, तेव्हा त्यांच्यासमोर मी ते मांडणार आहे. वकीलपत्र मी कोणाकडून घेतलेले नाही. अशिलाला बोलता येत नाही आणि बोलले तर ऐकवत नाही, म्हणून मीच उभा आहे.

फिर्याद अशी: मराठीने, मराठीच्या शेजारणींनी आणि दूरच्या कित्येक भाषांनी एका कष्टाळू प्राण्याच्या नावाचा अर्थ ‘मूर्ख’ असा करून ठेवला आहे. हा अर्थ खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे ठाऊक असूनही आपण तो चालवितो, कारण त्यात आपली सोय आहे.

प्रथम म्हणी घेऊ. ‘गाढवाला गुळाची चव काय’ असे आपण म्हणतो. तमिळ माणूस म्हणतो, गाढवाला कापराचा वास काय कळणार! कानडीत कापराच्या जागी कस्तुरी येते. उर्दूत केशर येते. वैद्यकाचा थोर ग्रंथ जो सुश्रुतसंहिता, त्यात चंदन आहे: चंदनाचा भारा वाहणाऱ्या गाढवाला भार कळतो, चंदन कळत नाही, तसेच पुष्कळ शास्त्रे पढून अर्थ न जाणणाऱ्याचे. कुराणात याच प्रकारचा दृष्टांत ग्रंथांचे ओझे वाहणाऱ्या गाढवाचा आहे. गूळ, कापूर, कस्तुरी, केशर, चंदन आणि पोथ्या! ज्याच्या देशी जे मोलाचे, ते त्याने गाढवापुढे ठेवले आणि ‘याला यातले काय कळते’ म्हणून हिणवले. आमच्या मराठीने यात आपला साधेपणा सोडला नाही, ती गुळावरच थांबली, एवढेच काय ते समाधान.

पण या सगळ्या म्हणींत एक गोष्ट कोणी विचारीतच नाही. चंदन त्याच्या पाठीवर कोणी लादले? ते उतरवून घेतल्यावर उगाळून कपाळाला कोणी लावले? गाढवाला सुगंधातला वाटा कधी दिलाच नाही, आणि वर त्याला रसिकता नाही म्हणून ठपका! आणि गुळाचे म्हणाल, तर त्या कुंभाराला मी पुढे एकदा मुद्दाम विचारले. तो म्हणाला, “गूळ दावला की शिवंपतूर मागं येतंय की!” म्हणजे ज्या कोणी ही म्हण रचली त्याने गाढवाला गुळाचा खडा कधी देऊन पाहिला नव्हता. न चाखविता चव नाही म्हणणारे परीक्षक माणसांनाही काही कमी भेटत नाहीत.

दुसरी म्हण, ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’. यात गाढवाची चूक कोणती, हे मला आजवर समजलेले नाही. त्याने दोन्ही ऐकले आणि आपल्याला काय आवडले ते सरळ सांगितले. व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत बसून, जांभई रुमालात लपवून, बाहेर पडताना ‘वा, काय विवेचन केलेत!’ म्हणणाऱ्या आपणा सभ्य गृहस्थांपेक्षा ते प्रामाणिक नव्हे काय?

तिसरी, ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’. तेलुगूतही वसुदेवाने गाढवाचे पाय धरल्याची म्हण आहे. तिच्यामागे लोककथा अशी की कृष्ण जन्मला तेव्हा कंसाच्या पहाऱ्यातले गाढव ओरडू नये म्हणून वसुदेव त्याच्या पाया पडला. कथा आपण नाइलाजाचा दाखला म्हणून सांगतो. पण वसुदेव सुखरूप यमुनेपार गेला, याचा अर्थ उघड आहे. गाढवाने शब्द पाळला! ज्या रात्री एका ओरडण्याने सारे संपले असते, त्या रात्री ते गप्प राहिले. एवढा उपकार करणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला त्याच कथेतून म्हण कोणती आली, तर ‘वेळ पडली म्हणून याचेही पाय धरावे लागले’ ही!

आता कोणी म्हणेल, संस्कृतात तरी काय वेगळे आहे? पंचतंत्रात वाघाचे कातडे पांघरलेले गाढव आहे, काकडीच्या शेतात गाणारे गाढव आहे; हितोपदेशात चोर आला म्हणून ओरडणारे आणि त्यापायी मार खाणारे धोब्याचे गाढव आहे. खरे आहे. परंतु त्या शेवटच्या गोष्टीत चोर खरोखरच आला होता, हे मार देणाऱ्याप्रमाणे तात्पर्य सांगणारेही विसरतात. आणि संस्कृताचे म्हणाल तर तिथे दुसरी बाजूही आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला रासभ जोडलेला आहे. रासभ म्हणजे आपले गाढवच. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची कथा येते. तीत अश्विनीकुमार गाढवांच्या रथाने शर्यत जिंकतात, आणि त्या धावण्यात गाढवाचा वेग कायमचा खर्ची पडतो, म्हणून ते आज मंद आहे, असे ब्राह्मणकार सांगतो. पाहा, मंदपणाची चेष्टा करण्याऐवजी त्या जुन्या माणसाने तो कोणत्या सेवेत खर्च झाला याचा हिशेब ठेवला. नवरात्रात सातव्या माळेला जिची पूजा होते ती कालरात्री गाढवावर बसते. देवी आणि गोवर यांची देवता शीतला, तिचेही वाहन तेच. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांत तर गाढवापासून तीन गुण शिकावे असे सांगितले आहे: थकले तरी भार वाहणे, थंडी-ऊन न पाहणे आणि सदा संतुष्ट असणे. ज्याच्यापासून शिकावयाचे तो गुरू. आणि आम्ही गुरुजी मंडळी शिष्याला त्या गुरूचे नाव शिवी म्हणून देत आलो!

देशाबाहेर गेलो तर गंमत आणखी वाढते. संस्कृतातला ‘खर’ आणि फारसीतला ‘खर’ हे सख्खे भाऊ. फारसीत हा शब्द मोठेपणा दाखविण्यासाठीही जोडतात. सशाला ‘खरगोश’ म्हणतात ते गाढवासारखे लांब कान म्हणून. आपण हिंदीत सशाचे कौतुक करतो तेव्हा नकळत गाढवाचे नाव घेतो. चित्रकार ज्या लाकडी चौकटीवर चित्र उभे करतो तिला इंग्रजीत ‘ईझल’ म्हणतात. तो शब्द डच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ गाढव. आपण अशा वस्तूला घोडी म्हटले असते. डचांनी ओझे कोण पेलतो ते पाहून नाव ठेवले. जर्मन विद्यार्थी पाठांतर लक्षात ठेवण्याच्या युक्तीला ‘गाढवाचा पूल’ म्हणतो. म्हणजे विस्मरणाच्या ओढ्यातून तोल न जाता पार नेणारे ते गाढवच. मेक्सिकोकडचा ‘बरिटो’ नावाचा पदार्थ आता आपल्याकडे शहरांतली मुले मागवून खातात. त्या शब्दाचा अर्थ गाढवाचे पिल्लू.

आणि माणसांना गाढव म्हटल्याचे काय? उमय्या घराण्याचा शेवटचा खलिफा दुसरा मरवान इ. स. ७५० मध्ये मारला गेला. त्याचे टोपणनाव ‘अल्-हिमार’, म्हणजे गाढव. हे नाव युद्धातल्या त्याच्या चिवटपणामुळे पडले असे सांगतात. होमरने ‘इलियड’च्या अकराव्या सर्गात अजाक्स या महावीराला, पोरांच्या काठ्या बरगड्यांवर मोडल्या तरी पोटभर चरल्यावाचून शेतातून न हलणाऱ्या गाढवाची उपमा दिली, त्यात हेटाळणी नाही. येशू जेरुसलेमात शिरला तो गाढवावर बसून. अमेरिकेत १८२८ च्या निवडणुकीत विरोधकांनी अँड्र्यू जॅक्सनला गाढव म्हटले, तर त्याने तेच चित्र उचलून आपल्या प्रचाराला वापरले आणि निवडून आला. पुढे १८७० पासून थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी ते डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह म्हणून रूढ केले. तात्पर्य काय, तर ‘गाढव म्हणजे मूर्ख’ हा काही सृष्टीचा नियम नव्हे. जिथे टिकून राहण्याला मोल होते तिथे हाच शब्द गौरवाचा झाला.

आमच्या मराठीत मात्र हा शब्द फार आधीपासून वाईट कामाला जुंपलेला आहे. शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा शिलालेख मुंबईत परळला सापडला. लेख संस्कृतात आहे. पण शेवटी, हे दान जो मोडील त्याला द्यावयाचा शाप तेवढा मराठीत आहे, आणि त्यात गाढव आहे. असे कोरलेले दगड कोकणात आणि देशावर पुष्कळ सापडतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. त्यातले शब्द आणि चित्र दिवाळीच्या अंकात देण्याजोगे नाहीत. त्या शापात गाढवाइतकीच बाईचीही विटंबना आहे, तेव्हा ते न दिलेलेच बरे. पुण्याची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढे जिजाऊंच्या हयातीत तिथे सोन्याचा नांगर फिरला, असे परंपरा सांगते. नांगर धरणारा माणूस, जाळपोळ करणारा माणूस, आणि अपशकुनी मात्र गाढव!

यावर माझे एक स्नेही मला म्हणतात, “अहो, म्हणी या निरीक्षणातून होतात. गाढव हट्टी असते, कर्कश असते, हे काय खोटे?” त्यांना उत्तर देणे प्राप्त आहे.

गाढवाचे मूळ घर आफ्रिकेचा पूर्व भाग. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी तिथे माणसाने त्याला माणसाळविले, असे आनुवंशिकतेच्या अभ्यासावरून २०२२ मध्ये दाखविले गेले. रखरखीत मुलखात चारा थोडा, म्हणून ही जनावरे घोड्यांसारखी मोठ्या कळपाने न राहता दूरदूर पांगून राहत. दूरच्या सोबत्याला हाक मारायची तर आवाज मोठाच हवा, आणि ती हाक ऐकायची तर कानही मोठेच हवेत. आपण ज्याला बेसूर म्हणतो तो वाळवंटातला निरोप आहे. तो आपल्यासाठी नाही, एवढेच आपले दुःख. हट्टाचे म्हणाल तर भ्यालेला घोडा उधळतो, भ्यालेले गाढव थांबते. पुढची वाट पायाला खरी वाटेपर्यंत ते पाऊल टाकीत नाही. डोंगराच्या कड्यावर ओझ्यासकट उधळणारा शहाणा की थांबणारा, याचा निकाल मी वाचकांवर सोपवितो. आमच्यातही एखादा माणूस ‘हे मला पटत नाही, मी पुढे येणार नाही’ म्हणून उभा राहिला की आपण त्याला गाढवच म्हणतो. आणि कड्यावरून उड्या घेणाऱ्यांच्या मागे मात्र झुंडीने धावतो.

म्हणजे निरीक्षणातून म्हण झाली नाही. मग कशातून झाली? मला जे उत्तर दिसते ते सणाच्या दिवशी थोडे कडू लागेल, पण सांगतो. घोड्यावर राजा बसला, हत्तीवर अंबारी चढली, बैल शेताचा धनी झाला. गाढव कोणाकडे राहिले? कुंभार, परीट, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू यांच्याकडे. माती, दगड, चुना, धुणे वाहणाऱ्यांकडे. ज्यांची सावली गावाने दूर ठेवली, त्यांच्या दारात ते बांधलेले होते. त्यांना जे म्हणावयाचे ते त्यांच्या जनावराला म्हणून घेतले. ‘गाढवमेहनत’ या शब्दाकडेच पाहा. मेहनतीला गाढवाचे नाव लावले की मेहनत हलकी झाली आणि ती करून घेणारा शहाणा ठरला. मुकाट राबतो तो मूर्ख, हा अर्थ राबणाऱ्याने शोधलेला नाही. तो राबवून घेणाऱ्याने शोधलेला आहे. दाराशी उभा राहिलेला तो कुंभार मला हेच सांगत होता. त्याच्या घरात तो शब्द शिवी नव्हता. माझ्या वर्गात होता. भाषा शिकविणारा मी होतो, आणि शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता.

कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? होते ते असे. २०१२ च्या पशुगणनेत भारतात गाढवे सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजार भरली. सात वर्षांत शंभरातली एकसष्ट गेली. टेम्पो आणि ट्रॅक्टर आले, वीटभट्ट्या बदलल्या, हे तर आहेच. शिवाय चीनमध्ये गाढवाचे कातडे उकळून ‘एजियाओ’ नावाचे औषध करतात. त्यापायी आफ्रिकेत एवढी कत्तल झाली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाला कातड्याच्या व्यापारावर बंदीचा निर्णय घ्यावा लागला. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे काठेवाडी गाढवाला हजारांनी किंमत येते. ज्याला किंमत मोजून घ्यावे लागते त्याला फुकटात शिवी होऊन राहावे लागते, हा आमचा न्याय. वाघ कमी झाले तेव्हा आपण हळहळलो, कारण वाघ म्हटले की आपली छाती फुगते. गाढवे कमी होताहेत हे बहुतेकांना कळलेही नाही. उद्या जनावर नाहीसे होईल आणि शिवी तेवढी राहील. मग तिचा खोटेपणा ज्याच्याकडे बोट दाखवून सिद्ध करावा, असे काही शिल्लक राहणार नाही.

हा शब्द कोशातून काढा असे मी म्हणत नाही. विदर्भात काही ठिकाणी पोळ्याच्या सुमारास गाढवांनाही न्हाऊमाखू घालून सजवितात, पुरणपोळी देतात. तो रिवाज वाढावा असे मात्र मला वाटते. आणि मराठी माणसाला दाखला बाहेरून आणावा लागतच नाही. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला वाहावयाची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातली, ही कथा आपल्याला पाळण्यापासून ठाऊक आहे. आपण नाथांना हात जोडतो आणि गाढवाला त्या कथेतही केवळ निमित्त समजतो. नाथांनी तसे समजले नाही. त्यांच्या लेखी रामेश्वर तिथेच पोचला.

परवा वसुबारसेला घरोघर गाय-वासराची पूजा झाली. मीही केली. नंतर ओसरीवर सूनबाई पणत्या पाण्यात भिजवीत होती, तिच्याजवळ जाऊन बसलो. एक पणती हातात घेतली. या पणतीची माती ओढ्यावरून गोणीत आली असेल तर ती कोणाच्या पाठीवरून आली? आमच्याकडचे कुंभार माती मळताना तिच्यात राखेबरोबर गाढवाची लीदही मिसळतात, म्हणजे मडके तडकत नाही. तो कुंभार केव्हाच गेला. मुलगा शहरात नोकरीला आहे. मला कोणाची क्षमा मागायची संधी राहिलेली नाही. म्हणून ही फिर्याद लिहून ठेवली.

तेवढ्यात आतून नातवाने काहीतरी सांडल्याचा आवाज आला आणि त्याची आई ओरडली, “गाढव आहेस अगदी!” मी काही बोललो नाही. पण पोरगे हातात फडके घेऊन मुकाट्याने पुसू लागलेले पाहिले, आणि मनात म्हटले, आता मात्र शब्द बरोबर लागला.